एक्स्ट्रा केअर हाउसिंग म्हणजे काय? वृद्ध आणि काळजीची गरज असलेले प्रौढ एकाच इमारतीत

एक्स्ट्रा केअर हाउसिंग हा इंग्लंडमधील निवासाचा एक प्रकार आहे. एका इमारतीत किंवा आवारात पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त छोटे फ्लॅट असतात. प्रत्येक फ्लॅटला स्वतःचे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कुलूप लावता येणारा दरवाजा असतो. शिवाय अंघोळ घालणे, कपडे चढवणे, औषधे देणे अशा कामांसाठी प्रशिक्षित मदतनीस त्याच इमारतीत दिवसरात्र हजर असतात. राहणारे बहुतेक लोक ५५ वर्षांपुढचे असतात. मात्र अनेक ठिकाणी त्याहून तरुण, पण बौद्धिक किंवा शारीरिक अपंगत्वामुळे रोजच्या मदतीची गरज असलेल्या प्रौढांनाही तिथे घर मिळते. या लेखात मुख्यतः अशा मिश्र वयाच्या वसाहतींविषयी माहिती आहे.

वृद्धाश्रम हा शब्द इथे लागू पडत नाही, नर्सिंग होमही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला फरक चटकन कळत नाही. खाली जेवणाचा हॉल, लिफ्ट, रुंद कॉरिडॉर, कठड्याला धरून चालणारी माणसे हे सगळे दोन्हीकडे सारखेच असते. फरक आहे तो कागदपत्रांत.

घर वेगळे, काळजी वेगळी

केअर होममध्ये राहणाऱ्या माणसाला खोली, जेवण आणि काळजी असे सगळे एकत्र मिळते. तो त्या खोलीचा भाडेकरू नसतो. एक्स्ट्रा केअरमध्ये दोन स्वतंत्र करार असतात. एक घराचा, जो बहुधा एखाद्या हाउसिंग असोसिएशनशी म्हणजे ना-नफा तत्त्वावर घरे भाड्याने देणाऱ्या संस्थेशी होतो. दुसरा काळजीचा, जो वेगळ्या सेवासंस्थेमार्फत दिला जातो आणि ज्याचा खर्च पात्र व्यक्तीसाठी स्थानिक काउन्सिल पूर्ण किंवा अंशतः उचलते.

यातून काही गोष्टी आपोआप घडतात. काळजी देणारी संस्था बदलली तरी घर जात नाही. घरमालकाला भाडेकरूला काढायचे असेल तर न्यायालयात जावे लागते. मदतनिसाने आत येण्यापूर्वी दार वाजवायचे असते, कारण ते दार त्या माणसाचे आहे. नियंत्रणही दोन ठिकाणी विभागलेले आहे. केअर क्वालिटी कमिशन ही तपासणी संस्था केअर होमची इमारत आणि सेवा दोन्ही तपासते. एक्स्ट्रा केअरमध्ये मात्र तिचा अधिकार वैयक्तिक काळजीपुरता असतो. सामाजिक घरमालकांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा निराळी आहे. एखादी तक्रार घराची की काळजीची हे ठरवण्यातच कधीकधी आठवडे जातात. लिफ्ट बंद पडल्यामुळे मदतनीस वेळेवर पोहोचली नाही, तर तो दोष कोणाचा?

मदत दोन प्रकारची असते. एक ठरलेली, म्हणजे सकाळी अर्धा तास, दुपारी पंधरा मिनिटे, रात्री झोपताना पुन्हा थोडा वेळ, असे ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे. दुसरी अवचित लागणारी. रात्री दोन वाजता माणूस न्हाणीघरात पडला तर भिंतीवरची दोरी ओढायची किंवा गळ्यातले बटण दाबायचे, की खालून कोणीतरी येते. एरवी आपल्या जुन्या घरी एकट्या राहणाऱ्या माणसालाही ठरलेल्या वेळी मदतनीस मिळू शकते, पण रात्री दोनला तिथे कोणी नसते. या सोयीसाठीच अनेक जण जुने घर सोडतात.

दोन वाटा एकत्र कशा आल्या

वृद्ध आणि अपंग प्रौढ यांच्या निवासाचे इंग्लंडमधील इतिहास वेगवेगळे आहेत. १९४८च्या नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्टनंतर वृद्धांसाठी निवासगृहे चालवण्याची जबाबदारी काउन्सिलांवर आली. त्यांतली बरीच जुन्या वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना कामाच्या मोबदल्यात ठेवून घेणाऱ्या संस्थांच्या इमारतींतच सुरू राहिली. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी देशभरातील अशी निवासगृहे प्रत्यक्ष फिरून पाहिली आणि १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ या पुस्तकात तिथल्या जगण्याचे कठोर चित्र मांडले. पुढच्या दोन दशकांत शेल्टर्ड हाउसिंग वाढले. त्यात छोटे फ्लॅट, धोक्याची सूचना देणारी दोरी आणि आवारातच राहणारा एक वॉर्डन असे. वॉर्डन विचारपूस करायचा, पण अंघोळ घालणे हे त्याचे काम नव्हते. तिथले रहिवासी जसे थकत गेले, तशी जास्त मदत असलेल्या इमारतींची गरज भासू लागली. ‘एक्स्ट्रा’ हा शब्द त्यातून आला.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांची वाट अधिक खडतर होती. त्यांच्यापैकी हजारो जण आयुष्यभर मोठ्या रुग्णालयांत ठेवले जात. कार्डिफच्या एली हॉस्पिटलमधील गैरवर्तनाचा चौकशी अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७१च्या श्वेतपत्रिकेने या लोकांना रुग्णालयांबाहेर, समाजात राहू द्यावे अशी दिशा दिली. ती रुग्णालये पूर्ण बंद व्हायला पुढे काही दशके लागली. २००१च्या ‘व्हॅल्युइंग पीपल’ या सरकारी धोरणाने हक्क, स्वावलंबन, निवड आणि समावेश ही चार तत्त्वे सांगितली. स्वतःच्या नावाने घर भाड्याने घेऊन मदत बाहेरून घेण्याची पद्धत याच काळात रुजत गेली.

या दोन वाटा एकमेकींना भेटल्या त्या आयुर्मानामुळे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पंचविशीच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात आहे. म्हणजे आता असे हजारो लोक पन्नाशी ओलांडत आहेत आणि त्यांच्यातले अनेक जण आईवडिलांजवळच राहतात. ते आईवडील आज ऐंशीच्या पुढे आहेत. डाउन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंश बराच लवकर, पन्नाशीच्या आसपासच, सुरू होऊ शकतो. आई आणि मुलगा एकाच वेळी म्हातारे होतात, आणि कधीकधी मुलगा आधी.

कोण कोणाची काळजी घेते?

एक नेहमी आढळणारी परिस्थिती घेऊ. ८२ वर्षांची आई, तिचा ५१ वर्षांचा डाउन सिंड्रोम असलेला मुलगा, वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. काउन्सिलच्या नोंदीत आई ‘काळजीवाहक’ आणि मुलगा ‘सेवा घेणारा’. प्रत्यक्षात मात्र मुलगा रोज दूध आणतो, जड पिशव्या उचलतो, आईचे औषध घ्यायचे राहिले तर आठवण करतो, आणि ती पडली तर शेजाऱ्यांना हाक मारतो. आई त्याचे पैसे सांभाळते, त्याला डॉक्टरकडे नेते, बाहेरच्या जगाशी बोलते. दोघांची मोट एकमेकांवर बांधलेली आहे.

२०१४च्या केअर अ‍ॅक्टनुसार काउन्सिलने गरजू प्रौढाच्या गरजांचे मूल्यमापन करायचे असते. काळजीवाहकालाही स्वतःच्या मूल्यमापनाचा हक्क आहे. अडचण अशी की ही दोन मूल्यमापने बहुधा दोन वेगळ्या विभागांत होतात. वृद्धांचा विभाग आईला शेल्टर्ड फ्लॅट सुचवतो, अपंगत्वाचा विभाग मुलाला पाच जणांच्या गटनिवासात जागा शोधतो. कागदावर दोघांचीही सोय झालेली असते, पण पन्नास वर्षे एकत्र राहिलेली दोन माणसे वेगळी होतात. आईला हे नको असते, म्हणून ती मदत मागतच नाही. मग एक दिवस ती रुग्णालयात दाखल होते आणि मुलाला त्याच रात्री, मिळेल तिथे, अनोळखी ठिकाणी हलवावे लागते. अशा तातडीच्या हलवाहलवीत एका फटक्यात त्याचे घर, गल्ली आणि रोजचा रिवाज जातो.

मिश्र वयाच्या एक्स्ट्रा केअरची खरी उपयुक्तता इथे दिसते. दोघे एकाच इमारतीत जाऊ शकतात, आई धडधाकट असतानाच. मदतनीस मुलाला ओळखू लागतात, मुलगा जेवणाच्या हॉलची वाट शिकतो, आणि पुढे आई गेली तरी त्याच्या दाराबाहेरचे जग तेच राहते.

करारावर कोणाचे नाव?

पण हे सगळे एका साध्या प्रश्नावर टिकून आहे. भाडेकरार कोणाच्या नावाने झाला?

करार एकट्या आईच्या नावाने असेल तर तिच्या मृत्यूनंतर मुलाला तो आपोआप मिळत नाही. १९८८च्या हाउसिंग अ‍ॅक्टखालील भाडेकरारात कायद्याने वारसा मिळतो तो पती, पत्नी किंवा जोडीदाराला. मुलाला तो हक्क हवा असेल तर करारातच तसे कलम असावे लागते. ५१ वर्षांचा मुलगा ५५ची अट असलेल्या इमारतीत आईचा ‘सोबती’ म्हणून राहत असेल, तर नेमक्या शोकाच्या आठवड्यात त्याचे घर धोक्यात येऊ शकते.

करार दोघांच्या संयुक्त नावाने असेल तर मागे राहणाऱ्याचा हक्क कायम राहतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे शेजारी-शेजारी दोन फ्लॅट आणि दोन करार. मुलगा पहिल्या दिवसापासून स्वतःच्या घराचा भाडेकरू होतो. काही कुटुंबांना हे कोरडे वाटते. ‘आत्तापर्यंत एका छपराखाली राहिलो, आता मध्ये भिंत कशाला?’ पण ती भिंत मुलाला पुढच्या वीस वर्षांची खात्री देते, हे वेळेवर कोणीतरी सांगायला हवे. अनेकदा ते कोणी सांगत नाही.

मुलाला करार समजत नसेल तर? इथे २००५चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट लागू होतो. एखादी व्यक्ती निर्णय घेऊ शकते असेच आधी गृहीत धरायचे आणि सोप्या भाषेत, चित्रांच्या साह्याने समजावण्याचा सर्व प्रयत्न करायचा, असे हा कायदा सांगतो. चित्रांसह सोप्या भाषेतले भाडेकरार त्यामुळेच प्रचारात आले. त्यानंतरही समजत नसेल तर आई किंवा बहीण केवळ नाते आहे म्हणून त्याच्या वतीने सही करू शकत नाही. कोर्ट ऑफ प्रोटेक्शन या न्यायालयाची परवानगी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून हे काम घर बदलण्याच्या बरेच आधी सुरू करावे लागते.

महाराष्ट्रातील पालकांनाही हा प्रश्न परका नाही. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या प्रत्येक सभेत निघतोच. भारतात १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती ही नेमणूक करते. आजन्म निवासासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही योजनाही आहे. पण पालकत्व म्हणजे घर नव्हे. इंग्लंडमधील पद्धतीत ज्याच्यासाठी सगळे चालले आहे त्याच्याच नावावर घराचा करार असतो. आपल्याकडच्या निवासी संस्थांत तो बहुधा ‘दाखल’ झालेला असतो. पुण्यासारख्या शहरांत ज्येष्ठांसाठी बांधलेली गृहसंकुले बरीच झाली आहेत, मात्र ती प्रामुख्याने स्वतःची कामे स्वतः करणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहेत. काळजीची गरज असलेला पन्नाशीचा मुलगा सोबत आणायचा विचार तिथे सहसा केलेला नसतो.

खर्च कसा विभागतो

इंग्लंडमधील रहिवाशाच्या हाती साधारण चार प्रकारची बिले येतात. भाडे, इमारतीच्या देखभालीचे सेवा शुल्क, दोरी-बटण व रात्रीच्या हजेरीसारख्या सामायिक आधाराचे शुल्क, आणि काळजीचे बिल. जेवण बहुतेक ठिकाणी वेगळे असते.

कमी उत्पन्न असलेल्याला भाडे आणि पात्र सेवा शुल्कासाठी हाउसिंग बेनिफिट मिळू शकते. काळजीच्या बिलासाठी काउन्सिल आर्थिक तपासणी करते. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त बचत असलेल्याने सगळा खर्च स्वतः करायचा असतो, आणि १४,२५० पौंडांच्या खालची बचत मोजली जात नाही. या मर्यादा २०१०पासून बदललेल्या नाहीत. महागाई लक्षात घेता त्या प्रत्यक्षात दरवर्षी अधिक कडक होत गेल्या आहेत.

केअर होम आणि एक्स्ट्रा केअर यांतला आर्थिक फरक तरुण रहिवाशाच्या दृष्टीने फार मोठा आहे. काउन्सिलच्या खर्चाने केअर होममध्ये राहणाऱ्याचे जवळजवळ सर्व उत्पन्न तिथल्या शुल्कात जाते आणि हातखर्चाला आठवड्याला साधारण ३० पौंड उरतात. स्वतःच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्याजवळ काळजीचे शुल्क वजा जाताही एक ठरावीक किमान रक्कम ठेवावीच लागते आणि ती याच्या कितीतरी पट असते. अर्थात त्यातून वीज, किराणा आणि फोनचा खर्च त्यानेच करायचा असतो. तरीही फुटबॉलचा सामना बघायला जायचे की नवे बूट घ्यायचे, हे ठरवण्याची संधी ३० पौंडांत मिळत नाही.

ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. राहते घर असेपर्यंत घरी मिळणाऱ्या काळजीसाठी त्याची किंमत बचतीत धरली जात नाही. पण ते विकून भाड्याच्या एक्स्ट्रा केअर फ्लॅटमध्ये गेल्यास हाती आलेले पैसे बचत ठरतात. काही वसाहतींत फ्लॅट दीर्घ मुदतीच्या लीजवर विकतही मिळतात. तिथे पुढे फ्लॅट विकताना द्याव्या लागणाऱ्या शुल्काचे कलम नीट वाचावे लागते.

शेजार जमतो का?

सर्वच ठिकाणी जमतो असे नाही. ७०-७५ वर्षांच्या माणसाने ‘शांत, ज्येष्ठांसाठीचे घर’ म्हणून फ्लॅट घेतलेला असतो. वरच्या मजल्यावर ३० वर्षांचा तरुण रात्री अकराला गाणी लावतो. तक्रार होते. उलट बाजूने, त्या तरुणाला सकाळी दहाच्या बिंगोपलीकडे काही मिळत नाही आणि त्याचे मित्र गावाच्या दुसऱ्या टोकाला असतात. केवळ फ्लॅट रिकामा होता म्हणून त्याला तिथे पाठवले असेल, तर ते त्याच्यासाठीही चुकीचे घर आहे. मिश्र वयाची वसाहत ठरवून उभारणे आणि रिकामे फ्लॅट भरण्यासाठी वयाची अट शिथिल करणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. राहणाऱ्यांना मात्र फरक पहिल्या महिन्यातच कळतो.

ठरवून केलेल्या ठिकाणी तरुण रहिवाशांचे आठ-दहा फ्लॅट एकाच भागात, स्वतंत्र प्रवेशद्वारासह असतात आणि जेवणाचा हॉल व बाग सामायिक असते. बौद्धिक अपंगत्वाची समज असलेले कर्मचारी वेगळे नेमलेले असतात. जुन्या रहिवाशांना आधीपासून विश्वासात घेतलेले असते. काउन्सिल आणि घरमालक यांची संयुक्त समिती नव्या रहिवाशाची निवड करते आणि कमी, मध्यम व जास्त काळजीची गरज असलेल्यांचे प्रमाण राखण्याचा प्रयत्न करते. सगळेच फार आजारी झाले तर वसाहतीचे केअर होम होते, आणि सगळेच धडधाकट असतील तर रात्रीच्या मदतनिसाचा खर्च परवडत नाही.

वेगवेगळ्या वयांचे लोक एकत्र ठेवण्याचे युरोपातले दुसरे दोन प्रयोग बातम्यांत अधिक गाजले. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर येथील ह्युमानिटास या वृद्ध निवासात काही विद्यार्थी महिन्याला ३० तास चांगल्या शेजाऱ्यासारखे वागण्याच्या मोबदल्यात भाडे न देता राहतात. स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या सेल्बो या इमारतीत ५१ फ्लॅट आहेत. तिथे ७० वर्षांवरील ज्येष्ठ आणि १८ ते २५ वयाचे तरुण राहतात, आणि आठवड्याला किमान दोन तास एकमेकांसोबत घालवायचे असे ठरलेले आहे. दोन्ही प्रयोग वाचायला गोड आहेत. पण त्यांतले तरुण स्वतः काळजीवर अवलंबून नाहीत आणि कंटाळा आला तर निघून जाऊ शकतात. बौद्धिक अपंगत्व असलेला पन्नाशीचा माणूस शेजारी म्हणून येतो तेव्हा तो कोणाचे मन रमवायला आलेला नसतो. त्याचे ते घर असते.

शेवटपर्यंत राहता येते का?

‘इथे आयुष्यभर राहता येईल’ असे माहितीपत्रकांत बऱ्याचदा लिहिलेले असते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरते, कारण गरज वाढली की ठरलेल्या मदतीचे तास वाढवता येतात. पण स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती रात्री पुन्हा पुन्हा बाहेर जाऊ लागली, किंवा सतत परिचारिकेची गरज भासू लागली, तर बाहेरून येणारी मदत अपुरी पडते. इमारतीत मदतनीस असतात, परिचारिका सहसा नसतात. त्या गरजेनुसार बाहेरून येतात.

शिवाय सामायिक आधाराचे पैसे येतात कुठून, हाही प्रश्न आहे. २००३ साली सुरू झालेल्या ‘सपोर्टिंग पीपल’ या सरकारी कार्यक्रमातून अशा सेवांना निधी मिळत असे. तो पैसा दुसरीकडे वापरू नये ही अट २००९मध्ये काढली गेली. त्यानंतर काउन्सिलांच्या काटकसरीत अनेक शेल्टर्ड इमारतींतला वॉर्डन गेला आणि फोनवरची सेवा आली. एक्स्ट्रा केअरमधील रात्रीची हजेरीही याच काटकसरीच्या कक्षेत येते. घराचा करार मजबूत असतो, रात्रपाळीचा करार मात्र काही वर्षांनी संपून पुन्हा निविदेला जातो. म्हणून घर पाहायला जाणारी अनुभवी कुटुंबे स्वयंपाकघराच्या आधी दोन गोष्टी विचारतात. रात्री इमारतीत जागे कोण असते, आणि त्याचा पगार कोणत्या करारातून व कधीपर्यंत मिळणार आहे.